कोठीतले गमबूट

आमचे कोरेगाव भीमाचे घरमालक माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघायचे. आधी पाय. पाय म्हणजे वरची पावलं नव्हेत, तळवे. खोली मागायला कुणी आलं की गाव कोणतं, कंपनी कोणती, बायको आणणार की एकटाच राहणार, हे सगळं नंतर. गेटापाशी बाज टाकलेली असायची, तिच्यावर त्याला बसवायचं आणि म्हणायचं, "बूट काढ. तळवं दाखव."

नवा माणूस गांगरायचा. बिहारकडून आलेला एक उंचापुरा पोरगा तर चिडलाच होता. "बाबूजी, हम घोड़ा हैं क्या?"

"घोडा होता तो नाल ठोकता," घरमालक म्हणाले. "तू आदमी है. तेरे कू मलम लगता."

ते गेले मागच्या शिमग्यात. त्यांच्या दारात आजही शिफ्ट सुटली की माणसं सवयीनं बूट काढून पत्र्यावर उपडे टाकतात. कुणी सांगत नाही आणि का ते नव्या पोरांना माहीतही नाही. मला माहीत आहे. ते सांगायचं तर माझं त्या वेळचं सोंगही सांगावं लागेल.

मी दौंडकडच्या राहू गावची. बारावी पास होते आणि आमच्या आळीत तेवढी शिकलेली सून पहिलीच, त्यामुळे माझे पाय जमिनीवर नव्हते. नवरा कंपनीत लागला, नगर रोडला खोली घेतली, तर मला वाटलं आपण पुण्यातच राहायला आलो. खोली केवढी, तर एका भिंतीला टेकून भाकरी थापली तर समोरच्या भिंतीला पाय लागायचे. त्या खोलीला मी पडदे लावले होते. मासिकातून चित्रं कापून भिंतीला चिकटवली होती, त्यात एक बर्फाचा डोंगर होता. त्या डोंगराखाली बसून मी रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायची आणि स्वतःला फार सुधारलेली समजायची.

नवऱ्याच्या पायांना वास यायचा. साधा घामाचा नव्हे, सडक्या कोबीचा असतो तसा. मी नवी नवरी, बोलणार काय. मला वाटलं हा कंपनीचा वास असेल. मोठ्या कंपन्यांतून असा वास येतच असावा आणि आपण तो अभिमानानं सोसावा. म्हणून मी पायथ्याशी उदबत्ती लावायची. एकीनं भागेना तेव्हा जुडगाच लावायची. त्याच्या सॉक्समध्ये माझी तोंडाला लावायची पावडर ओतायची. नवरा बिचारा चालला की पाऊल पडेल तिथं पांढरा ढग उठायचा.

आठवडाभरानं घरमालक दाराशी आले. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. नुसतं नाक वर केलं.

"राहूच्या पोरी, रोज एवढी उदबत्ती. देव कुठं बसवलाय?"

मी कोनाड्यातल्या गणपतीकडं बोट केलं.

"तो तिकडं. धूर इकडं पायथ्याला." मग नवऱ्याला म्हणाले, "ये बाहेर. बूट काढ."

भर अंगणात, शेजारच्या खोल्यांतल्या बाया नळावर उभ्या असताना, माझ्या नवऱ्याला त्यांनी बाजेवर बसवलं आणि त्याचा तळवा स्वतःच्या मांडीवर घेतला. मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. आबा, म्हणजे घरमालकच, त्यांना सगळे आबा म्हणायचे, अंगठ्यानं टाच दाबत होते आणि मला बोलावत होते. "हिकडं ये. बघ तरी नवऱ्याचा पाय. लग्नात नुसती नमस्कार करून मोकळी झालीस."

मी बघितलं. तळव्याची कातडी पांढरीफटक, पाण्यात भिजलेल्या पापडासारखी, आणि तिच्यावर बारीक बारीक खड्डे. टाचेला आणि चवड्याला जास्त. भाकरीच्या पिठावर पाण्याचे शिंतोडे उडाले की पीठ जसं ठिकठिकाणी खचतं, तसे.

"चिखल्या झाल्यात," मी शहाणपणानं म्हणाले.

"चिखल्या बोटांच्या बेचक्यात. ह्या चिखल्या न्हाईत. हे भाडेकरू हाईत."

मग त्यांनी जे भाषण केलं ते मी पुढं इतक्यांदा ऐकलं की मला तोंडपाठ आहे. पाय दिवसभर बंद बुटात राहिला, घामानं ओला राहिला, की तळव्याच्या जाड कातडीत जंतू राहायला येतात. डोळ्याला दिसत नाहीत. एका जातीचे नसतात, चार-पाच जातींचे असतात, त्यांची नावं डॉक्टरनं सांगितली होती पण ती जिभेवर बसत नाहीत. ते कातडी विरघळवून खातात, खातात तिथं खड्डा पडतो, आणि खाताना जो वायू सोडतात त्याचा वास येतो. "भाडं देत न्हाईत, भिंती पोखरत्यात, आन् वरून स्वैपाकाचा वास सगळ्या आळीला. अशा भाडेकरूला काय करायचं? बाहेर काढायचं. ज्याचं घर हाय त्याला न्हाई काढायचं."

हे शेवटचं वाक्य म्हणताना ते कुणाकडंच बघायचे नाहीत.

त्यांतला एक जंतू मेंढरांचाही असतो म्हणे. पावसात भिजलेल्या मेंढरांच्या पाठीवर खपल्या आणतो तो. आबांच्या आज्यानं मेंढरं राखलेली, बापानं विकली आणि भीमेच्या काठाला ऊस लावला. त्यावर ते हसून म्हणायचे, "मेंढरं गेली. जंतू मात्र वारसा हक्क सांगायला आले."

सदऱ्याच्या ज्या खिशात दुसरी माणसं तंबाखू ठेवतात त्यात आबा मलमाची ट्यूब ठेवायचे. नवऱ्याला त्यांनी ती लावून दिली, सकाळ-संध्याकाळ लाव म्हणाले, पाय कोरडे पुसून. एक जोड आज, दुसरा जोड उद्या, आणि सुटलेला जोड उन्हात, आतली पट्टी काढून. आभाळ असेल तर आबा सगळ्या खोल्यांचे बूट गोळा करून एका पालथ्या पाटीखाली पिवळा बल्ब लावून ठेवायचे. पिल्लं उबवायला ठेवावीत तसे. पंधरा दिवसांत नवऱ्याचे पाय गुळगुळीत झाले आणि माझी पावडर पुन्हा माझ्या तोंडाला आली.

मी आबांच्या बायकोला, आक्कांना, हसत हसत म्हणाले, "आबांना पायांचं वेडच हाय."

आक्का ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं. "वेड न्हाई ते," त्या म्हणाल्या. "पोरगं गेलंय आमचं."

मला वाटलं वारलं. पण ते वारलं नव्हतं. निघून गेलं होतं, आम्ही राहायला यायच्या दोन पावसाळे आधी.

एकुलता एक. आबांचा धाकटा भाऊ उसाला पाणी धरताना पान लागून गेला होता. लहान मुलांना भुताची असते तशी आबांना सापाची भीती. पोरगा शेतावर जायला लागला तसे आबा शिरूरच्या बाजाराला गेले आणि गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट घेऊन आले. एक जोड त्याला, एक स्वतःला. स्वतःचा कधी घातला नाही, त्यांना त्यात चालता येईना. पोराला मात्र सक्ती. वाफ्यात उतरायचं तर गमबूट, गोठ्यात जायचं तर गमबूट, बांधावर आणलेला चहा प्यायचा तरी गमबूट काढायचे नाहीत. आबा लांबून ओरडायचे, "बूट हाईत ना पायात?" पाटाचं पाणी वरून आत जायचं, दिवसभर आत डचमळायचं, आणि पोरगा बापाच्या धाकानं तसाच हिंडायचा.

मग वास सुटला. आबांना वाटलं पोरगं आंघोळ नीट करत नाही. मग वाटलं नाद लागलाय कसला तरी. आक्कांनी लिंबाचा पाला उकळून त्यात पाय बुडवून बसवलं रोज. पाय आणखी भिजले. कुणी सांगितलं म्हणून तेल-हळद लावून वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधली. "आम्ही बसून बसून वाढवलं ते," आक्का म्हणाल्या.

आणि मग केंदूरची मंडळी आली, सोयरीक घेऊन. पडवीत सतरंजी टाकलेली. पोरगा शेतावरनं आला, दारात गमबूट काढले, पाय धुतले आणि सतरंजीच्या कडेला बसला. एका पाहुण्यानं उपरणं नाकाला लावलं. मग दुसऱ्यानं. चहाचे कप तसेच. आणि आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "ऊठ. गोठ्यात जाऊन बस."

पोरगा उठला. गोठ्याकडं गेला, तिथून नदीकडं, तिथून कुठं ते कुणाला कळलं नाही. गमबूट दारातच राहिले होते. अनवाणी गेला.

"म्हशीनं कधी तोंड फिरवलं न्हाई त्याच्याकडनं," आबा एकदा मला म्हणाले होते. "मी फिरवलं." एवढंच, आणि लगेच कुणाच्या तरी बुटाची नाडी सोडवायला लागले.

पोरगा गेल्यावर पाणी कोण धरणार. मग आबांनी कोपऱ्यात पडलेला दुसरा जोड पायात घातला, स्वतःसाठी आणलेला. उन्हाळाभर तेच पाटावर. आणि त्यांच्या तळव्यांना तसेच खड्डे पडले, तसाच वास सुटला. आक्कांनी ओढून पुण्याला कातडीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं पाय बघितले, निळ्या दिव्याखाली धरले, काय ते समजावलं आणि एक ट्यूब लिहून दिली. करंगळीएवढी.

आक्का सांगत होत्या, "दवाखान्याच्या पायरीवर बसले ती ट्यूब हातात घेऊन. म्हणाले, एवढीच? दोनदा म्हणाले. एवढीच व्हय?"

ऊस मोडून त्या जागी खोल्या बांधल्या त्या त्यानंतर. गाव त्यांना म्हणायचं, आबा भाड्याच्या मागं लागले. पण कंपन्यांची पोरं कुठं राहतात, कुठनं कुठं जातात, हे खोल्यांतूनच कळतं. आपलंही पोरगं कुठल्या तरी कंपनीत बूट घालून उभं असणार, हे आबांनी मनाशी धरलं होतं. रोज चार वाजता ते कुठल्या ना कुठल्या गेटाला जाऊन उभे राहायचे. शिफ्ट सुटली की खाली बघत बसायचे. सिक्युरिटीवाल्यांना वाटायचं म्हाताऱ्याचं काहीतरी पडलंय.

एकदा आमच्याच ओळीतला एक ट्रक ड्रायव्हर सांगत आला, दौंडला स्टेशनजवळच्या हॉटेलात एक माणूस भांडी धुतो, चेहरा तुमच्यासारखा. आक्कांचे गुडघे चालेनात, नवऱ्याची शिफ्ट, म्हणून आबांबरोबर मी निघाले. वाटेत माहेर लागतं हाही हेतू होताच माझा, खोटं कशाला बोला. मी नवी नायलॉनची साडी नेसले होते, जणू मलाच कुणी बघायला येणार होतं. दोन एसट्या बदलल्या. आबांनी धोतर परीटघडीचं नेसलेलं. मांडीवर नव्या चपलांचं खोकं. वाटेत ते एकदाच बोलले. "नंबर वाढला असंल का गं पायाचा?"

हॉटेलच्या मागं मोरी होती. घोट्याएवढ्या खरकट्या पाण्यात एक माणूस पाठमोरा उकिडवा बसलेला, पायात गमबूट. आबा थांबले. मी त्यांच्या मागं. माणसानं मान वळवली.

तो नव्हता. चेहरा लांबून तसा असेलही, पण हा लहान होता.

मला वाटलं आबा वळतील. ते तसेच पुढं गेले. "बूट काढ," म्हणाले.

त्याला वाटलं कुणी साहेब आला तपासणीला. "मालक आत हाईत," तो म्हणाला.

"मालकाचं न्हाई बघायचं मला. तुझं बघायचंय. काढ."

त्यानं बूट काढले आणि तो वास आला. माझा पदर आपोआप नाकाशी गेला. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण म्हणाले, "पदर खाली घे."

मी घेतला.

परीटघडीच्या धोतरानं ते त्या ओल्या फरशीवर बसले, त्याचे पाय मांडीवर घेतले, उपरण्यानं बोटाबोटांतून पुसले आणि खिशातली ट्यूब काढली. तो संकोचून पाय मागं ओढत होता. "नका हो मामा, घाण हाय."

"घाण तुझी न्हाई ती. जंतूची हाय." मग, लावता लावता, "घरी कोण हाय?"

"आई हाय. परांड्याकडं."

"जातो का?"

"सणाला."

"सण कशाला पायजेल. जाऊन ये. वास जाईल आता, लाजू नको."

ट्यूब त्यालाच दिली. चपलाही दिल्या. त्या त्याला मोठ्या होत होत्या. येताना राहूचा फाटा आला तरी मी उतरले नाही. चौफुला कधीच मागं गेलं होतं, बाहेर उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या. आबा खिडकीतून बघत म्हणाले, "माझ्या पोराला कुणी म्हणलं असंल का गं, बूट काढ म्हणून?"

बारावी पास होते मी. बाहेरच्या ट्रॉल्या मोजत बसले.

आबांच्या घरात माजघराला पत्र्याच्या तीन धान्याच्या कोठ्या होत्या. दोन वापरातल्या. तिसरीला हात लावायचा नाही असं आक्कांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. "तीत गहू न्हाई," त्या म्हणाल्या होत्या. मग काय, माझं डोकं चालू. मी ठरवून टाकलं की सोनं आहे. नवऱ्याला सांगितलं, वरून दिसतात साधे, पण कोठीभर सोनं आहे. पुढं पुढं तर त्या सोन्याच्या पाटल्या कशा असतील तेही मला दिसायला लागलं होतं.

एका दुपारी ताक मागायला गेले तर आक्का बाहेर निजलेल्या आणि आत आबा त्या तिसऱ्या कोठीत डोकं घालून उभे. कमरेपासून वाकलेले, दोन्ही हात कडांना धरून. मला वाटलं मोजताहेत. मी चवड्यावर उभं राहून डोकावले.

खताच्या गोणीतली आतली जाड पिशवी होती, तोंड उघडलेलं. तिच्यात गमबुटांचा जोड. आबांचं नाक त्या तोंडाशी होतं, डोळे मिटलेले. बाकी सगळ्या जगाचे बूट ज्यांनी उन्हात टाकले, त्यांनी हा एक जोड कधीही वाळवला नव्हता. त्यांनी श्वास घेतला, पिशवीचं तोंड पिळलं, सुतळीची गाठ मारली, झाकण लावलं. मी ताक न घेताच आले. खोलीत येऊन बर्फाच्या डोंगराखाली बसले आणि मला कसली साडी, कसल्या पाटल्या, काही सुचेना झालं.

पुढं आम्ही शेजारीच गुंठा घेऊन घर बांधलं. माझ्या मुलांची लग्नं झाली, नातू झाला. तो आता दिवसभर फुगीर पांढरे बूट घालून हिंडतो आणि घरी आला की आजी ते पत्र्यावर फेकते म्हणून चिडतो. आक्का गेल्या. आबा एकटे राहिले. मी दोन वेळा भाकरी नेऊन द्यायची. पोराची बातमी कधी चाकणहून यायची, कधी गुजरातेतून, आणि दरवेळी दौंडसारखीच निघायची. मग बातम्याही यायच्या थांबल्या.

कोरोनात खोल्या रिकाम्या झाल्या. पोरं चालत निघाली तेव्हा आबा गेटात उभं राहून प्रत्येकाच्या हातात सुके सॉक्स देत होते. त्यातच त्यांना ताप आला. आम्हाला वाटलं गेले, पण उठले. नाक मात्र उठलं नाही. आमच्या घरातही दोघांचा वास गेला होता, तो महिन्याभरात आला. आबांचा आलाच नाही. पोरं परत आली, खोल्या भरल्या, शिफ्ट सुरू झाल्या. आबा बाजेवर बसायचे, समोर बुटांची रांग, आणि त्यांना काही कळायचं नाही. एखादा बूट उचलून नाकाशी न्यायचे आणि तसाच खाली ठेवायचे. पोरं आधी थट्टा करायची, "आबा, अत्तर मारलंय, बघा." मग तीही आपले बूट आपणच पत्र्यावर नेऊन टाकायला लागली.

एका सकाळी भाकरी घेऊन गेले तर आबा माजघरात खाली बसलेले. तिसऱ्या कोठीचं झाकण उघडं, पिशवी मांडीवर, गाठ सुटलेली.

"पोरी," ते म्हणाले. मला तेव्हा नातू कॉलेजला होता, तरी त्यांच्यासाठी मी पोरीच. "तुझं नाक चालतंय ना?"

"चालतंय, आबा."

"बघ गं जरा. हाय का?"

त्यांनी पिशवी माझ्यापुढं धरली. मी खाली बसले. पदर कमरेला खोचला. आत हात घातला तर रबराला भेगा गेलेल्या, बोटांना काळा चुरा लागला. मी तोंड पिशवीत घातलं आणि छाती भरून श्वास घेतला.

काही नव्हतं. जुन्या रबराचा थोडा, खताच्या गोणीचा थोडा, बाकी काही नाही. भाडेकरू कधीचेच निघून गेले होते. मी आणखी एकदा श्वास घेतला, कुठं कोपऱ्यात राहिला असेल म्हणून. वर बघितलं तर आबा माझ्या तोंडाकडं बघत होते. पायांकडं नाही, तोंडाकडं.

"येतोय का?"

"येतोय की, आबा," मी म्हणाले. "लई घाण मारतोय."

"त्याचाच हाय ना?"

"त्याचाच."

त्यांनी घाईनं माझ्या हातातून पिशवी घेतली, तोंड पिळायला लागले, बोटं जमेनात, तशी पुन्हा माझ्याकडं दिली.

"मग गाठ मार लवकर," ते म्हणाले. "उडून जाईल."